इंदिरामावशींचा विज्ञानाचा पेपर

फोनवर ‘कुच्चू मावशी’ असं नाव उमटलं, म्हणून उचलताच मी म्हटलं, “मावशी, साडीची घाई नाही हं, सावकाश द्या.” पलीकडे मावशी नव्हत्या. त्यांचे यजमान पांडुरंगकाका होते. “ती गेली गं,” ते म्हणाले. “सकाळी कॉफी प्यायली, कप ठेवायला उठली, तशीच परत बसली… आणि गेलीच.” समोर दहावीच्या दोन मुली बसल्या होत्या. मी त्यांना एथेनॉलचे गुणधर्म सांगत होते. रंगहीन, पाण्यात सहज मिसळणारा, एवढं सांगून झालं होतं. पुढचं मला काही केल्या आठवेना. वह्या मिटायला सांगून मी त्यांना घरी पाठवलं.

त्याला आता पाच आठवडे होतील. मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मी साताऱ्याची, नवऱ्याला म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून इथे आले. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेलं असल्यामुळे जयलक्ष्मीपुरमच्या घरी शिकवण्या घेऊ लागले. मावशींचं घराणं मात्र पिढ्यान् पिढ्या इथलं, मराठी बोलणाऱ्या, कापड रंगवणाऱ्यांचं. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात रेशीम रंगवायच्या कढया होत्या. पुढे ते सगळं बंद पडलं. मावशी देवराज मोहल्ल्यातल्या घरी बसून साड्यांना कुच्चू बांधायच्या, म्हणजे पदराच्या टोकाला रेशमी गोंडे. त्यांची मराठी ऐकून पहिल्यांदा मला हसू आलं होतं. दर दोन वाक्यांत एखादा कन्नड शब्द असायचा आणि सुरुवात हमखास “अय्यो”ने व्हायची. नंतर त्याच मराठीसाठी मी त्यांची वाट बघायला लागले.

एकदा त्या माझी साडी द्यायला आल्या तेव्हा माझा साबणाचा धडा चालला होता. साबणाच्या कणाचं एक टोक तेलकट मळाला धरतं आणि दुसरं पाण्याला, असं मी सांगत होते. मावशी दारातच उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मुली गेल्यावर म्हणाल्या, “ते दोन टोकांचं परत एकदा सांगशील? सुम्ने विचारते गं, उगीच.” मी सांगितलं. त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाल्या, “मी दहावीत विज्ञानात नापास झाले होते. ते कुणाला माहीत नाही.”

निकाल लागला त्याच महिन्यात त्यांना स्थळ आलं होतं. मुलगा टपाल खात्यात, घरच्यांना शिकलेली सून हवी. वडिलांनी सांगून टाकलं, मुलगी एस.एस.एल.सी., म्हणजे इथली दहावी, पास आहे. तेव्हा कागद कोण बघत होतं! लग्न झालं, मुलगा झाला, नातवंडं झाली. “चव्वेचाळीस वर्षं झाली,” मावशी म्हणाल्या. “आता बाहेरून बसायचं म्हणते. बाकीचे विषय माझी मी करीन. विज्ञान मला येत नाही.”

मग त्या आठवड्यातून दोनदा दुपारच्या येऊ लागल्या. घरी सांगायच्या, कुच्चूच्या गिऱ्हाइकाकडे जाते. मला ते पटत नव्हतं. “मावशी, एक खोटं खरं करायला दुसरं खोटं?” असं मी म्हटलंही. त्यांनी हसून पुस्तक उघडलं. त्यांचं पुस्तक कन्नड, माझं इंग्रजी, आणि बोलणं मराठीत. त्या एकेक ओळ वाचायच्या, मी समजावायचे, मग त्या ते पुन्हा आपल्या कन्नडमध्ये लिहून काढायच्या. कार्बनला चार हात असतात, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. एक दिवस त्यांनीच पिशवीतून रेशमाची लडी काढली, एका गाठीतून चार धागे ओढले आणि प्रत्येक टोकाला मणी अडकवला. “हा तुझा मिथेन. होय ना?” दुहेरी बंधासाठी दोन गाठींमध्ये दोन धागे बांधले. एथीन! मी इतकी वर्षं फळ्यावर रेघा ओढत होते…

एथॅनॉइक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, बाटली उघडली त्या दिवशी मात्र मावशींचे डोळे भरून आले. मला वाटलं, वास झोंबला. म्हणाल्या, “अप्पांच्या हाताला असा वास यायचा. रेशमाला रंग पक्का बसावा म्हणून कढईत घालायचे. जेवतानासुद्धा यायचा.” वडिलांच्या हाताला जन्मभर येणारा तो वास म्हणजे आपण नापास झालेल्या पुस्तकातलं एक नाव, हे त्यांना एकसष्टाव्या वर्षी कळत होतं. त्याच दुपारी आम्ही एथेनॉल आणि ते आम्ल एका परीक्षानळीत घेतलं, सल्फ्यूरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकले आणि नळी गरम पाण्यात धरून ठेवली. नंतर ते पाण्यात ओतल्यावर पिकल्या फळासारखा गोड वास आला. मावशी पुन्हा पुन्हा वास घेत राहिल्या. “हा एस्टर,” मी म्हटलं. “अप्पांना दाखवायला पाहिजे होता,” त्या म्हणाल्या.

परीक्षेला मीच त्यांना स्कूटरवरून नेलं. फाटकावरच्या बाईंनी त्यांना कन्नडमध्ये सांगितलं, अम्मा, पालकांनी बाहेर थांबायचं. मावशींनी पदराआडून हॉल तिकीट काढून दाखवलं आणि ताठ मानेने आत गेल्या. निकाल लागला. बाकी सगळे विषय सुटले होते. विज्ञान पुन्हा राहिलं.

दोन आठवडे त्या आल्या नाहीत. मग मीच एक साडी घेऊन त्यांच्या घरी गेले. काका मोठ्या अगत्याचे. मला खुर्ची देऊन म्हणाले, “तू मास्तरीण, तुला सांगायला हरकत नाही. आमच्या घराण्यातली पहिली एस.एस.एल.सी. सून ही!” मावशी मान खाली घालून साडीच्या घड्या मोजत राहिल्या. मला दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा कानात म्हणाल्या, “पुढची परीक्षा कधी असते?”

त्या परीक्षेत मावशी पास झाल्या. गुण काठावरचेच होते. निकाल माझ्या फोनवर बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. “साकु,” म्हणाल्या, “एवढं पुरे.” मी आनंदाने म्हटलं, “सुटलात मावशी! आता कुणाला काही सांगायची गरजच नाही.”

“अय्यो, असं कसं? आता तर सांगता येईल. नापास होते तोवर धीर होत नव्हता.”

त्याच संध्याकाळी त्यांनी काकांना सगळं सांगितलं. तीन दिवस काका त्यांच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या दाराची बेल वाजली, बघते तर काका. मला धडकीच भरली. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं. “चव्वेचाळीस वर्षं मी चारचौघांत सांगत आलो, ही एस.एस.एल.सी. आहे,” ते म्हणाले. “दर वेळी ती खाली बघायची. मला वाटायचं, लाजते. मला आवडायचं ते… म्हणून मी आणखी सांगायचो.” मग पाणी प्यायले आणि म्हणाले, “घरी तिच्यापुढे हे तोंडातून निघत नाही. तू सांगशील?”

मी नाही म्हटलं. “काका, हे तुम्हीच सांगायचं.” त्यांनी सांगितलं असावं. काय बोलणं झालं ते मावशींनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा काका त्यांना सोडायला आले होते आणि धडा संपेपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. हो, धडा! पास झाल्यावरही त्या येत होत्या. “राहिलेलं शिकव,” म्हणायच्या. जेमतेम सात महिने मिळाले आम्हाला.

तेराव्याची पत्रिका काकांनी स्वतः छापून घेतली. वर मावशींचा फोटो, खाली नाव, आणि नावापुढे ‘एस.एस.एल.सी.’. मुलगा त्यांना म्हणाला होता, “असल्या पत्रिकेवर हे कुणी घालतं का? लोक हसतील.” काकांनी ऐकलं नाही. उलट त्यापुढे कंसात पास झाल्याचं सालही घातलं, गेल्या वर्षीचं. त्यांनीच मला म्हटलं, तू हे सगळं लिही, म्हणून लिहिते आहे. तेराव्याच्या दिवशी पंगत बसायच्या आधी दूरचे एक नातेवाईक पत्रिका डोळ्यांशी धरून काकांकडे आले. म्हणाले, “पांडुरंगा, छापखान्यानं घोळ घातलाय बघ. साल चुकलंय.”

काकांनी पत्रिका हातात घेतली, नीट वाचली आणि परत दिली.

“चुकलेलं नाही,” ते म्हणाले. “बसा, सांगतो.”