फ्रेंच बाईच्या रेघा

केबिन रोडवरच्या एका गाळ्यात चित्रकलेचा क्लास होता. दारासमोरच एका बाईचं पेन्सिल स्केच टांगलेलं असे. चेहरा उजवीकडे वळलेला, पोशाख गळाबंद. सर ते स्वतःचं म्हणून दाखवत. माझी धाकटी बहीण इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी तिथे जात होती. एकदा तिने सरावाला ते स्केच काढलं. सरांनी सगळ्या वर्गासमोर तिचा कागद फाडला. म्हणाले, "चोरी करणाऱ्यांना इथे जागा नाही." ती त्या परीक्षेला बसली नाही. त्यानंतर तिने चित्रच काढलं नाही.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होते. छपाईत फोटोची निगेटिव्ह उलटी लागली की शर्टाची बटणं चुकीच्या बाजूला येतात. ते हेरणं आमचं रोजचं काम. तिची वही आणायला गेले तेव्हा ते स्केच जवळून पाहिलं. छायेच्या तिरक्या रेघा डावीकडून उजवीकडे उतरत होत्या, डावखुऱ्या हाताच्या वाटल्या. सर हजेरी लिहीत होते, उजव्या हाताने.

मुंबईतल्या वाचनालयात चित्रांची पुस्तकं चाळण्यात तीन शनिवार फुकट गेले. चौथ्या शनिवारी बाई सापडली. एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच स्केच, चेहरा डावीकडे. सरांच्या हाती आलेल्या पुस्तकात ते उलटं छापलं गेलं असणार. त्यांनी उलटी रेघसुद्धा जशीच्या तशी उतरवली होती. मी झेरॉक्स काढली. घरी कुणाला बोलले नाही. चार महिने थांबले.

क्लासचं वार्षिक प्रदर्शन सोसायटीच्या हॉलमध्ये भरलं. पालक जमले होते. ते स्केच दर्शनी भिंतीवर होतं.

"सर, पेपरातल्या फोटोसाठी या कागदावर थोडी छाया भरून दाखवता?" मी म्हटलं.

ते खुशीत बसले. रेघा स्केचमधल्या रेघांच्या बरोबर उलट्या पडल्या. मी तो कागद आणि झेरॉक्स स्केचशेजारी धरली आणि स्केच ही उलट्या छापलेल्या फ्रेंच चित्राची नक्कल आहे, ते सांगितलं.

एक गुजराती बाई म्हणाल्या, "सर, फ्रान्स में भी ब्रांच है क्या आपकी?" हॉल हसला.

सर माझ्या कानाशी आले. "मॅडम, पेपरात नको. बहिणीला सोमवारपासून पाठवा, मी स्वतः शिकवतो."

"तिचा कागद का फाडला ते आधी सांगा. मोठ्याने."

"तिचं माझ्यापेक्षा चांगलं आलं होतं," ते म्हणाले. मी ते वाक्य टिपलं आणि बातमीत घातलं. त्यांची दया आली नाही.

सकाळी बहिणीने बातमी दोनदा वाचली.

"ताई, ते असं बोलले तेव्हा मी तिथे असायला हवं होतं."

तिला बोलवायचं मला सुचलंच नव्हतं.