मुलाखतीआधीची तालीम

जीवशास्त्र विभागात तिला सगळे ताई म्हणत, अगदी प्रयोगशाळा चालवणारे सरसुद्धा. पीएचडी होऊन बराच काळ लोटला तरी ती त्याच प्रयोगशाळेत हंगामी कामावर होती. मातीत सांडलेलं तेल खाणाऱ्या जंतूवर तिचं काम. नव्या पोरांना नळीतून थेंब मोजायला तिनेच शिकवलं, आणि ती पोरं एकेक करून पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, मिळवून चालती झाली.

यंदा विद्यापीठाने सगळ्या विज्ञान शाखांसाठी पोस्टडॉकच्या जागा काढल्या. जीवशास्त्राच्या वाट्याला एकच आली. वयोमर्यादेमुळे ताईची ही शेवटची संधी. आणि त्याच जागेसाठी अर्ज केला प्रयोगशाळेतल्या सगळ्यात धाकटीने, जिची पीएचडी आत्ता कुठे हाती पडली होती. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटी हसली तरी तिला खुपायचं.

प्रयोगशाळेचा रिवाज असा की मुलाखतीला जाणाऱ्याने आधी आपल्या माणसांसमोर बोलून दाखवायचं आणि त्यांनी प्रश्न विचारायचे. धाकटीचा विषय होता तलावातलं शेवाळ. पाणी तापलं की ते फोफावतं, असं तिने झोकात मांडलं. सर माना डोलवत होते. ते पाहून ताईच्या पोटात दुखायला लागलं.

"तू पाणी ज्या दिव्याने तापवतेस तो उजेडही देतो ना?" ताई म्हणाली. "मग शेवाळ उष्णतेने वाढलं की उजेडाने?"

धाकटीचा चेहरा उतरला. जमलेल्यांसमोर तिची फजिती झाली होती आणि ताईला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं. त्या दिवशी ती घरी दोन घास जास्तच जेवली.

दुसऱ्या दिवशी ताईची तालीम झाली. सर नेहमीप्रमाणे "छान" म्हणाले. धाकटी पहिल्या रांगेत बसून आदराने ऐकत होती. प्रश्न एकही आला नाही. ताईने मनात म्हटलं, विचारणार काय, अक्कल लागते त्याला.

मुलाखतीत मात्र समितीतल्या बाईंनी चष्मा पुसत विचारलं, "तुमचा जंतू बंद बाटलीत एकटाच तेल खातो. उघड्या मातीत इतर जंतूंच्या गर्दीत टिकेल का?" हे ताईने कधी करूनच पाहिलं नव्हतं. ती पुन्हा बंद बाटलीचेच आकडे सांगत राहिली.

जागा धाकटीला मिळाली. ती धावत ताईकडे आली.

"ताई, त्यांनी तुमचाच प्रश्न विचारला हो. तुम्ही बोललात म्हणून मी आठवडाभर उजेड तेवढाच ठेवून नुसतं पाणी तापवून पाहिलं. उत्तर तयार होतं. तुम्हाला काय विचारलं?"

ताईने सांगितलं. धाकटीने मान खाली घातली.

"मला तो प्रश्न सुचला होता," ती हळूच म्हणाली. "पण सगळ्यांसमोर तुम्हाला कसं विचारायचं? तुम्ही मोठ्या. बरं दिसलं नसतं."

ताईला तिचा राग करायचा होता, पण राग करायला हाती काही लागेना. आजवर विभागात तिला मान सगळ्यांनी दिला होता. आपल्यावरही कुणीतरी असंच मनापासून जळायला हवं होतं, असं तिला वाटलं.