सुजाताचा खालचा आवाज

ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहाचा कप घेऊन उभी होते आणि फोनवर नागपूरचा नंबर उमटला. सुजाताचे बाबा. त्यांनी मला त्याआधी कधीच फोन केला नव्हता. आमचं जे काही बोलणं व्हायचं ते सुजाताच्या फोनवर, तिच्या खांद्यामागून डोकावून. त्यामुळे मी कप बाजूला ठेवून फोन उचलला. "मीनलबाई, मी सुजाताचा बाप बोलून राहिलो," ते म्हणाले. मागे कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. "सुजाता गेली. काल दुपारी. कॉलेजात शिकवता शिकवता पडली. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणतात." माझ्या तोंडून एकच प्रश्न निघाला, "गळ्याचं काही होतं का?" "नाही," ते म्हणाले, "गळ्याचं काहीच नव्हतं." खाली सिंगापूरच्या रॅफल्स प्लेस चौकात जेवणाच्या सुट्टीतली माणसं डबे घेऊन बाकांवर बसत होती. मी चहा तसाच सिंकमध्ये ओतला. ज्या गळ्यासाठी आम्ही एक अख्खं वर्ष जीव मुठीत धरून काढलं, त्याचा आणि तिच्या जाण्याचा काडीचाही संबंध नव्हता, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

सुजाता मला भेटली ती इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या तालमीत. मी पुण्याची, बँकेतलं सॉफ्टवेअर सांभाळणारी, शाळेपासून भावगीतं म्हणणारी. ती नागपूरची, इथल्या एका विद्यापीठात धातूंवर संशोधन करणारी, बेडोकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी. तालमीला ती गिटार घेऊन आली आणि तिनं स्वतः बांधलेलं एक गाणं म्हटलं. विहिरीवर दोघी पाणी भरायला आल्यात, एकीला गाव सोडायचंय, दुसरीला नाही. शब्द वऱ्हाडी आणि गिटार मात्र घोडा दुडकावा तशी. कार्यक्रम बसवणारे काका गोंधळले. "छान आहे हो, पण हे बसवायचं कशात? भावगीत नाही, लोकगीत नाही..." "खुर्चीवर बसवा न काका," सुजाता म्हणाली. सगळे हसले, पण गाणं काही कार्यक्रमात आलं नाही. परतताना MRT मेट्रोत मी तिला म्हटलं, त्या दुसरीच्या ओळी खरं तर वेगळ्या आवाजात हव्यात. "मग म्हण न," ती म्हणाली, आणि भर डब्यात माझ्याकडून म्हणवूनही घेतल्या. समोरच्या चिनी आजीबाईंनी त्यासाठी कानातला इयरफोन काढला.

लहानपणी ती वडिलांच्या गायन पार्टीबरोबर वस्तीवस्तीतून फिरली होती. बाबा भीमगीतं गायचे आणि ही पेटीमागे गोधडीवर झोपून जायची. पुढे अमेरिकेत, दक्षिणेकडच्या एका लहान गावात संशोधनाला राहिली आणि तिथल्या कंट्री गाण्यांनी तिला धरलं ते सोडलंच नाही. "अगं, पाऊस येत नाही, दारू सुटत नाही, आई गावी एकटी आहे. ही आपलीच तर गाणी आहेत. बैलाच्या जागी ट्रक आहे, एवढंच!" आमच्या जोडीला नाव हवं होतं. शेतामधल्या वाटेला मी पाणंद म्हणायचे, ती पांधण. वाद घालायला गेले तर म्हणाली, "गाणी कोणाची आहेत?" म्हणून 'पांधण'. आमची वाटणीही सोपी होती. एकच ओळ दोघींनी एकदम म्हणायची, ती वरच्या सुरात, मी खालच्या. तिचा आवाज वर जायचा तो कुठे न खरचटता जायचा. बाबांचा आवाजही तसाच होता म्हणे. पण उतारवयात तो फाटला आणि त्या दिवसापासून ते घरात गुणगुणायचेही थांबले. "त्यांना वाटते त्यांचा आवाज माझ्याकडे आला," ती एकदा म्हणाली. हे तिनं हसत सांगितलं होतं. त्या वाक्याचं ओझं मला खूप नंतर कळलं.

आठ गाण्यांचा अल्बम करायचं ठरलं. एका औद्योगिक इमारतीत, बिस्किटांच्या गोदामाशेजारी, केल्विन नावाच्या तरुणाचा छोटा स्टुडिओ होता. त्याला मराठीचा गंध नव्हता, पण बॅन्जो तो जीव ओतून वाजवायचा. शनिवार-रविवारी आम्ही जायचो. मी जात्याच काळजीखोर. एसी फार गार आहे, नवऱ्याला लेकीकडे एकट्याला किती बघायला लावायचं, सोमवारी कामावर आवाज बसलेला असला तर... सुजाता माझ्यावर हसायची. तिसऱ्या गाण्याच्या वेळी ती माइकसमोर हनुवटी वर करून उभी होती. ओळ संपली, तिनं आवंढा गिळला आणि तिच्या गळ्यात काहीतरी त्या आवंढ्याबरोबर वर सरकलं, खाली आलं. मी काचेच्या अलीकडे बसले होते. आधी वाटलं दिव्याची सावली असेल. मग ती पाणी प्यायली, आणि ते पुन्हा सरकलं.

थायरॉइडची गाठ होती. तपासणीचा अहवाल आला, त्यात 'कॅन्सरचा संशय' असे शब्द होते. सर्जनबाई शांत होत्या. गाठ काढायची, पण घाबरण्यासारखी घाई नाही, काही आठवड्यांनंतरची तारीख चालेल, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मग सुजातानं विचारलं, "आणि आवाज?" आवाजाची नस त्या गाठीला अगदी लागून जाते, बहुतेकांचा आवाज परत येतो, पण गाणाऱ्याच्या वरच्या सुरांची हमी कुणी देऊ शकत नाही, असं उत्तर आलं. बाहेर आल्यावर ती बराच वेळ लिफ्टचं बटण न दाबता उभी राहिली. "बाबांना सांगायचं नाही," ती म्हणाली. "कॅन्सरचं?" मी विचारलं. "आवाजाचं."

म्हणजे जे काही वरच्या सुरात गाऊन ठेवायचं ते तारखेच्या आत. आणि नेमका त्याच वर्षी सुमात्रातल्या पेटवलेल्या जंगलांचा धूर आला. आभाळ मळकट पिवळं, समोरची बिल्डिंग दिसेना, सगळीकडे जळक्या लाकडाचा वास. मी सकाळी डोळे उघडले की आधी फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघायचे आणि तिला कळवायचे, खिडक्या लाव, मास्क लाव, बोलू नकोस. ती फक्त अंगठा पाठवायची. स्टुडिओत ती मास्क काढून आत जायची, दारं लावली जायची, आणि प्रत्येक ओळीला मला वाटायचं, आता फाटेल, आता खोकेल. एकदा खरंच खोकली. खोकला थांबेना. केल्विननं रेकॉर्डिंग बंद केलं, गरम पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे बघत हळूच इथल्या इंग्रजीत म्हणाला, "टुडे कॅनॉट, लाह." तिनं मान हलवली आणि बोटानं खूण केली, पुन्हा. शस्त्रक्रियेच्या आदल्या शनिवारी सात गाणी झाली होती. धुरामुळे आठवं राहिलं. "हे तू दोन्ही सुरांत गाऊन टाक," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही, तू बरी होऊन ये, मग बघू. ती चिडली. "आणि नाही आला आवाज तर?"

गाठ निघाली. पुढचे अहवाल चांगले आले. रोज एक गोळी आणि अधूनमधून तपासणी, एवढ्यावर ते दुखणं मिटलं. आवाज मात्र कुजबुजीएवढाच उरला. बाबांच्या फोनला ती मेसेजनं उत्तर द्यायची, सर्दी झालीय, मीटिंगमध्ये आहे. मी ऑफिसमधून निघून बेडोकला जायचे, हॉकर सेंटरच्या खाण्याच्या स्टॉलवरून तिच्यासाठी पातळ भाताची पेज न्यायचे आणि तिच्यासमोर बसायचे. आवाजाच्या थेरपिस्टनं दिलेले हुंकार ती करायची, मी ऐकायचे. घशातून दार करकरावं तसा आवाज. आठवडे गेले. एके दिवशी त्या करकरीखाली एक सूर लागला. जाडसर, खोल, तिचा कधीच नव्हता असा. वर जायला गेली की तो तुटायचा, खाली मात्र टिकायचा. तिनं माझ्याकडे बघितलं. "तुझी जागा घेऊ का?" तिनं विचारलं. मी हसले आणि मग मला रडू आलं, कारण त्याचा दुसरा अर्थ असा की वर आता मला जायचं होतं, तिच्यासारखं, आणि ते मला येत नव्हतं. तिनं मला ते शिकवलं. स्वतः गाऊन दाखवता येत नव्हतं म्हणून हात वर करून, भुवया उंचावून, टेबल बडवून शिकवलं. आठवं गाणं आम्ही तसं गायलो, ती खाली, मी वर.

अल्बम प्रसिद्ध करायच्या कार्यक्रमाला बाबा यायचे म्हणून हटून बसले. व्हिसा निघाला, तिकीट निघालं, आणि सुजाताची झोप उडाली. चांगी विमानतळावर त्यांना घ्यायला ती गळ्याला रुमाल बांधून आली होती. "सर्दी आहे का अजून?" त्यांनी विचारलं. "हो बाबा." तिचा बोलण्याचा आवाज बदललेला होता, तो त्यांनी ऐकला असणारच. मी आपली सामानाच्या गाडीला धरून चालत राहिले.

कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये मांडलेल्या खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या. पहिल्या रांगेत बाबा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात गुडघ्यांवर. आधी स्पीकरवर अल्बममधलं एक गाणं वाजलं. तिचा पूर्वीचा आवाज हॉलभर फिरला आणि त्यांचे डोळे मिटले. मग आम्हाला प्रत्यक्ष गायचं होतं. पडद्यामागे सुजाताच्या गिटारचा पट्टा मी अडकवला. "त्यांनी उठून जायला नको," ती पुटपुटली. आम्ही विहिरीचं गाणं घेतलं. मी वर गेले, घाबरत, जरा बेसूर झाले. आणि माझ्याखाली तिचा तो नवा आवाज आला. बाबांनी डोळे उघडले. पूर्ण गाणंभर ते तिच्या गळ्याकडेच बघत होते. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांचे हात गुडघ्यांवरच होते.

नंतर लोक फोटो काढत असताना ते तिच्याजवळ आले. मी शेजारीच होते. त्यांनी तिच्या रुमालाची गाठ सोडली, व्रणावरून अंगठा फिरवला. "ह्या गरमीत गळ्याला रुमाल कोण बांधते?" ते म्हणाले. "विमानतळावरच समजलं होतं मला. काऊन लपवलं?" ती म्हणाली, "तुमचा आवाज होता न बाबा. मी हरवून टाकला." त्यांनी रुमालाची घडी घातली. "वर गात होती तेव्हा तू माझ्यासारखी गात होती," ते म्हणाले. "आज तुझी तू गायली. माझा आवाज गेला तर मी तोंड बंद केलं. तू नाही केलं." आणि मग, आजूबाजूला इतकी माणसं असताना, साठी ओलांडलेल्या त्या माणसानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

अल्बमचं फार मोठं काही झालं नाही. विदर्भातल्या एका शाळेनं विहिरीचं गाणं संमेलनात बसवलं, काही लग्नांत वाजलं, इथल्या मंडळींनी कौतुक केलं आणि पुढच्या वर्षी आम्हाला कार्यक्रमात घेतलं, खुर्चीवर बसवून. विद्यापीठातली मुदत संपल्यावर सुजाता नागपूरला परतली आणि कॉलेजात शिकवू लागली. दर तपासणीच्या आधी मी इथे अस्वस्थ व्हायचे, ती तिथून "सगळं नॉर्मल" असं कळवायची. आणि ते खरंच नॉर्मल होतं...

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी एका रविवारी सकाळी माझी लेक ओरडली, "मम्मी, नागपूरवाले आजोबा कॉलिंग, फास्टर लाह!" मी धावले. बाबा व्हिडिओवर होते, मागे भिंत आणि कॅलेंडर. नमस्कार वगैरे काही नाही. "त्या आठव्या गाण्याचं वरचं म्हणता का?" त्यांनी विचारलं. मी सेंगकांगच्या आमच्या लहानशा बेडरूमचं दार लावलं आणि म्हणू लागले. पहिली ओळ एकटीनं म्हटली. दुसऱ्या ओळीला फोनमधून खरखर आली, मला वाटलं नेटवर्क गेलं. ते गात होते. इतक्या वर्षांनी, फाटलेल्या आवाजात, सुजाताचा खालचा सूर, शब्दनशब्द पाठ. मी घाईनं पुढे गेले तशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "पळून राहिल्या तुम्ही. ती इथे थांबत होती, श्वास घ्यायला. ऑपरेशननंतर तिला लागायचा."

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. थोडा उशीर झाला की मी घरभर फेऱ्या मारते, नवरा म्हणतो, अगं येईल. येतो. मी वर, ते खाली. आणि त्या ओळीच्या मध्यावर आम्ही दोघंही थांबतो, तिला श्वास घेऊ देतो, मग पुढे जातो.