पाटावरचा दांडा

माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं, तेव्हा मी गॅरेजवाल्याकडे गेलो. काम करून घ्यायला नव्हे, त्याचं हत्यार उसनं मागायला. शॉकअपच्या नळीत वरून एक लांब दांडी घालून आतला रॉड धरून ठेवावा लागतो, तरच खालचा बोल्ट सुटतो. नाहीतर बोल्टाबरोबर रॉडही फिरतो आणि आपण दिवसभर पाना फिरवत बसतो. एवढं ज्ञान मी मोबाइलवर मिळवलं होतं.

गॅरेजवाल्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमी अडतीवर हळदीच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहिणारी माणसं. हात कशाला काळं करून घेताय? आन् हत्यार उसनं मागताय, ते काय विरजण हाय व्हय?"

"मग विकत घेतो."

"घ्या की. पण घरात शॉकअप खोलून परत बसवलेला माणूस मी अजून बघितला न्हाई."

झालं. एवढं ऐकल्यावर मी त्याच्याकडे गाडी टाकली असती, तर मलाच पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं. घरी येऊन मी जाहीर करून टाकलं, की गाडी मीच दुरुस्त करणार.

बायको शांतपणे म्हणाली, "करा. मी दसऱ्याला स्कूटर घेतेय. पूजेला तुमची गाडी दोन चाकांवर उभी असली तर राहील. नसली तर एक्स्चेंजमध्ये जाईल."

गाडी लग्नाआधीची. बायकोला बघायला शिराळ्याला गेलो होतो, तेही ह्याच गाडीवर. ती आठवण मी करून दिली. ती म्हणाली, "म्हणूनच सांगतेय."

सांगलीतल्या हत्यारांच्या दुकानात ती दांडी कंपनीची मिळत होती. भाव ऐकला आणि पाणी मागून प्यालो. मग जुना बाजार पालथा घातला. तिथे ट्रकचे पाने, ट्रॅक्टरचे जॅक, एक दात काढायचा चिमटासुद्धा मिळाला, दांडी मिळाली नाही. शेवटी मोबाइलवरून स्वस्तातली मागवली. खोकं उघडलं तर आत दात घासायच्या ब्रशाएवढी वस्तू. बायकोने ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि पुन्हा खोक्यात ठेवली. बोलली असती तर परवडलं असतं.

मग मी ठरवलं, लाकडाचीच करायची. काठीचं टोक चौकोनी निमुळतं तासायचं आणि रॉडच्या तोंडात ठोकून घट्ट बसवायचं. परसात शेवगा होता. शेवग्याच्या फांदीवर पोरंसुद्धा चढत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी शेवगाच तोडला, कारण तो जवळ होता. पहिल्याच हिसक्याला तो नळीच्या आत मोडला आणि आतच राहिला. तो तुकडा काढण्यात एक रविवार आणि आईची विणायची सुई गेली.

दुसरी काठी बाभळीची. कुदळीचा जुना दांडा होता, तो तासला. हाताला फोड आले, पण बाभळ हलली नाही. बोल्ट 'कट्' करून सुटला तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो, की शेजारचे भिंतीवरून डोकावले.

आता तेल अडवणारं नवं सील ठोकून बसवायला नळी हवी होती. त्यासाठी शेतीच्या पाइपच्या दुकानात गेलो.

"हातभर पाइप द्या."

"हातभर? रान किती हाय तुमचं?"

"रानाला नको. मोटारसायकलच्या पायाला पाहिजे."

त्याने एक पडीक तुकडा हातात दिला आणि माझी लवकर बोळवण केली. पण सील काय सुरेख बसलं! एक पाय पूर्ण झाला. दुसऱ्याचा बोल्ट तेवढा आवळायचा राहिला, तो मी मुद्दाम खंडेनवमीसाठी ठेवला. त्या दिवशी अडत बंद. बंद का, तर आमचे वजनकाटे पूजेला बसतात, त्यांना कुणी हात लावत नाही. तरीही माझ्या डोक्यात एवढंच होतं, की सुट्टी आहे, बोल्ट आवळू.

सकाळी अंगणात गेलो. गाडी विटांवर, पुढचं चाक भिंतीला टेकलेलं आणि दांडा गायब. आत येऊन बघतो तर पाटावर विळी, कोयता, कात्री, माझे पाने, आणि मधोमध बाभळीचा दांडा. धुतलेला, हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल.

"आई, दांडा दे. एकच बोल्ट राहिलाय."

"पूजेतलं हत्यार आज उचलायचं न्हाई. उद्या घे."

दारात उभी असलेली बायको लगेच म्हणाली, "पण ते हत्यार कुठाय? काठीच आहे ती. आवं, म्हणा की काठी हाय म्हणून. घ्या उचलून, आवळा बोल्ट."

आईसुद्धा वळली. "व्हय रं, तूच सांग. काठी असली तर ने. मी चुकून मांडली म्हणीन."

काठी म्हटलं असतं तर गाडी वाचत होती. महिनाभर बायको तिला काठीच म्हणत आली होती. मी पाटाकडे बघितलं. गॅरेजवाला आठवला. हाताचे फोड आठवले.

"हत्यार आहे," मी म्हणालो. "उद्याच उचलणार."

"पूजा उद्या सकाळीच आहे. गाडी जाईल."

"जाऊ दे. पण काठी म्हणणार नाही."

तिने कपाळाला हात लावला आणि सरळ गॅरेजवाल्याला फोन केला. स्पीकरवर. "दादा, ह्यांचा एक बोल्ट राहिलाय, आज येऊन आवळून देता का?"

"वैनी, आज खंडेनवमी. हत्यारं पूजेत हायत. कंपनीची असली म्हणून काय झालं, आज हात न्हाई लावायचा."

मी फोनवर वाकून ओरडलो, "आमचंबी पूजेतच हाय!"

पलीकडून गॅरेजवाल्याने विचारलं, "तुमचं? कसलं?"

"शॉकअपचं!"

दसऱ्याच्या सकाळी आईने पाटाला नमस्कार करून दांडा माझ्या हातात दिला. गाडीची पूजा सकाळी व्हायची, ती दुपारवर गेली. कुणी थांबवली ते मी विचारलं नाही. मी बोल्ट आवळला, तेल भरलं, चाक चढवलं. स्पीडोमीटरची केबल जोडायची विसरलो, ती अजून विसरलेलीच आहे; त्यामुळे मी किती जोरात जातो ते कुणालाच सांगता येत नाही.

बायकोने हार घालण्याआधी खाली बसून दोन्ही नळ्यांवरून बोट फिरवलं. बोट कोरडं.

"काठी बरी आहे," ती म्हणाली.

"हत्यार."

"बरं, हत्यार."

स्कूटर संध्याकाळी आली, एक्स्चेंजशिवाय. दोन्ही गाड्या आता शेजारी उभ्या असतात. स्कूटरलाही पुढे शॉकअप आहेत. कधीतरी गळतीलच. मी दांडा पुसून तयार ठेवलाय.