मामांनी दिलेला शब्द

मामांना एखादा प्रश्न त्यांच्या बोलीत सांगायला दिला की ते लगेच सांगत नसत. आधी तो स्वतःशी पुटपुटत, ओठांतल्या ओठांत फिरवून बघत, आणि कधी कधी मान हलवून म्हणत, "बाई, हा प्रश्न आमच्यात नाही." त्यासाठी शब्द नाही असं त्यांना म्हणायचं नसे. प्रश्नच नाही, असं म्हणायचं असे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी वर्तनात्मक अर्थशास्त्रात एम.ए. करत होते, शेवटचं वर्ष होतं. माणसं निवड कशी करतात याची प्रश्नावली घेऊन मी मोलगीच्या वरच्या पाड्यांवर आले होते, आणि प्रश्न न विचारता परत जाण्याची चैन मला परवडणारी नव्हती.

मामा आश्रमशाळेत कामाठी होते. उभा जन्म त्यांनी दोनशे मुलांचा भात शिजवला. स्वयंपाकघराची खिडकी चौथीच्या वर्गाकडे उघडत असे, आणि मामांचं सगळं मराठी त्या खिडकीतून आत आलेलं होतं. त्यामुळे ते पुस्तकासारखं बोलत. "माझे दोन्ही गुडघे वृद्ध झाले," म्हणत. पाऊस भरून आला की "आकाश मेघांनी व्यापले" म्हणत, आणि म्हणताना जरा ताठ उभे राहत, बाईंनी उभं केल्यासारखे. आमच्या तापीकाठच्या गावात सगळा कारभार अहिराणीत, शुद्ध मराठी मीही शाळेतच शिकलेली. त्यामुळे आम्ही दोघं बोलत असलो की आमच्यामध्ये एक फळा ठेवला आहे असं वाटायचं.

अक्कलकुव्याच्या जीपस्टँडवर दुभाषी कुठे मिळेल म्हणून विचारलं, तर जीपवाल्या दिलवरने दुसरं नावच घेतलं नाही. "कामाठी मामा. ते म्हनतीन ते लोक ऐकतस," तो म्हणाला. का ऐकतात ते मला हळूहळू कळलं. निवृत्त झाल्यापासून मामांनी एक काम आपल्याकडे घेतलं होतं. कोणत्याही पाड्यावर कोणी आजारी पडलं, कोणी अडलं, की मामा टेकडीच्या ज्या खडकावर मोबाइलला रेंज येते तिथे चढत आणि दवाखान्याची गाडी बोलवत. गाडी पाड्यापर्यंत येत नाही. जिथे डांबर संपतं तिथे उभी राहते. तिथवर आजाऱ्याला बांबूच्या झोळीतून न्यायचं, तर दीड तास डोंगर उतरावा लागतो. एवढं उतरून गाडी आलीच नाही, तर? म्हणून मामांचा एक नियम होता. फोन लागला, पण खात्री नाही, तर ते खाली येऊन म्हणत, "बोलावली आहे." चालकाशी स्वतः बोलणं झालं असेल, तरच म्हणत, "येईल." त्या एका "येईल"वर माणसं झोळी खांद्यावर घेत.

माझा प्रयोग साधा होता. एका पाड्यावरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारायचं : आज एक साबण हवा, की दोन आठवडी बाजार गेल्यावर तीन हवेत? थांबणाऱ्यांना मी ठरल्या दिवशी मोलगीच्या बाजारात वडाखाली तीन साबण देणार. माणूस समोरच्या थोड्यासाठी पुढचं पुष्कळ सोडतो, हे आमच्या शास्त्रातलं लाडकं निरीक्षण. ते मला डोंगरात पडताळून बघायचं होतं. घरून निघताना साबणांची खोकी बघून वडील म्हणाले होते, "साबन वाटाले इतलं शिकनी का वं तू?" मी त्यांना प्रयोग समजावून सांगितला. ते ऐकून म्हणाले, "बरं," आणि खोकी टेम्पोत ठेवू लागले.

पाड्यावर गेलं की मामा कधी उभ्याने विचारत नसत. समोरचा ओट्यावर बसलेला असला की हे अंगणात उकिडवे बसणार, म्हणजे त्याच्यापेक्षा खाली. मग पाणी कुठवर आहे, बैल कसा आहे, घरात कोणाला बरं नाही का, असं सगळं झाल्यावर माझा साबण. माझ्या तक्त्यात प्रत्येक माणसाला सात मिनिटं होती. मी घड्याळ दाखवलं की ते शांतपणे म्हणत, "आधी घराला विचारायचे, बाई. मग घरातल्याला."

पहिल्या पाड्यावर जवळजवळ सगळ्यांनी आजचा एक साबण घेतला. थांबायला तयार झालेले बोटांवर मोजावेत इतके. मी हरखले. पुस्तकात लिहिलंय तसं समोर घडत होतं. उतरताना मी मामांना उत्साहाने सांगितलं की तुमच्या लोकांना उद्यापेक्षा आजची ओढ जास्त आहे. मामा पाच-सहा पावलं पुढे उतरले. मग म्हणाले, "त्यांनी मला विचारले, ही मुलगी परत येईल का? मी म्हणालो, येणार असे म्हणते."

दुसऱ्या पाड्यावर सगळं उलटं झालं. एकामागून एक माणसं तीन साबणांसाठी थांबायला तयार होऊ लागली. दितली नावाची एक पोटुशी बाई होती, माझ्याच वयाची. ती मामांशी काहीतरी बोलली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि तीन बोटं दाखवून हसली. एव्हाना एक शब्द माझ्या कानाला ओळखीचा झाला होता. माणसं मामांना काही विचारत आणि मामा प्रत्येकाला तोच शब्द सांगत.

"मामा, काय सांगताय तुम्ही त्यांना?"

"ते विचारतात, येईल का. मी सांगतो, येईल."

"तसं सांगायचं नाही! तुम्ही फक्त माझा प्रश्न सांगा. तुमचं मत त्यात मिसळलं की माझं सगळं वाया गेलं."

"परंतु तुम्ही येणार आहात ना?"

"हो, पण..."

"मग मी असत्य बोललो नाही."

मी चिडले. माझ्या वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला मी भर अंगणात, लोकांदेखत बोलले. दुभाष्याने तोंड व्हावं, डोकं चालवू नये, असंच काहीतरी म्हणाले. मामांनी खाली बघून ऐकून घेतलं. तिसऱ्या पाड्यावर त्यांनी मी सांगितलं तेवढंच, तितक्याच शब्दांत सांगितलं. पाणी नाही, बैल नाही. तिथे सगळ्यांनी एकेक साबण घेतला आणि लोक घरात निघून गेले. माझं काम सात-सात मिनिटांत झालं.

ठरलेल्या बाजाराच्या चार दिवस आधी सरांचा फोन आला. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. पुण्याच्या एका परिसंवादात माझा निबंध निवडला गेला होता, आणि तारीख नेमकी तीच. मी साबणांचं सांगितलं. सर म्हणाले, "निवड नोंदवली गेली तिथे प्रयोग संपला. वाटप हा उपचार आहे. नंतर करता येईल." मी मामांना फोन लावत राहिले, ते खडकावर असतील तरच लागणार. लागला नाही. नंतर येऊन देते, असा निरोप दिलवरकडे दिला, आणि पुण्याची गाडी धरली. निबंधाला टाळ्या पडल्या. मग विद्यापीठातली कामं निघाली, एक परीक्षा आली, मला ताप आला. यातलं प्रत्येक कारण खरं होतं. मी गेले तेव्हा ठरल्या दिवसावर पाच आठवडे उलटून गेले होते.

जीपमध्ये मी पुढे बसले होते, मागे साबणांची खोकी. घाट लागला तसा दिलवरने गिअर बदलला. मग आपणच म्हणाला, "आते मामानं कोनी ऐकस नही, ताई."

माझा निरोप त्याने पोचवला होता, पण बाजार उठल्यावर. तोवर माणसं डोंगर उतरून आली होती, आणि मामा सकाळपासून वडाखाली त्यांच्याबरोबर बसून होते. पुढच्या बाजारीही ते बसले. त्यानंतर ते दुसऱ्या पाड्यावर घरोघर गेले आणि म्हणाले, बाई आली नाही, शब्द मी दिला होता. लोक आपापल्या कामाला लागले. साबणाचं ते काय, असंच सगळ्यांना वाटलं असेल.

आठवड्याभराने दितलीच्या पोटात कळा सुरू झाल्या. सकाळपासून दुपारपर्यंत मोकळी होईना, तेव्हा मामांना बोलावणं गेलं. ते खडकावर चढले, चालकाशी स्वतः बोलले, वृद्ध गुडघ्यांनी धावत खाली आले आणि म्हणाले, येईल. झोळी बांधलेली होती. "पन दितलीनी सासू म्हने," दिलवर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "तुन्ही साबनवाली बी येनार व्हती."

त्यांनी थोडं थांबून बघायचं ठरवलं. गाडी खाली डांबर संपतं तिथे येऊन उभी राहिली. हॉर्न वाजवत राहिली. तो वर ऐकू जात नाही. मग तिला दुसरीकडचा फोन आला आणि ती गेली. झोळी उतरली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. दितली वाचली. मूल गेलं.

मी मामांच्या घरी गेले. ते अंगणात मोहाची पानं गोळा करत होते. मी म्हटलं, "दिलवरने सांगितलं." मामांनी मान हलवली. "गाडी आली होती, बाई," ते म्हणाले. "चालक चांगला मनुष्य. पुष्कळ वेळ थांबला." त्यानंतर त्यांनी या विषयावर माझ्याशी एक शब्द काढला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. मला दोष दिला असता तर मी निदान स्वतःची बाजू तरी मांडली असती.

साबण वाटायला ते माझ्याबरोबर आले. मला वाटलं होतं लोक दारं लावतील. कोणी लावली नाहीत. दितली बाहेर आली, तीन साबण हातात घेतले आणि आत गेली. ते तिचेच होते. तिच्या सासूने मला पाणी दिलं. मामा दाराशी उकिडवे बसले होते, आणि त्यांना कोणी काही विचारलं नाही.

प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. सरांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, वाईट झालं, पण एका घटनेवरून कार्यकारण सिद्ध होत नाही. ते शास्त्राप्रमाणे बरोबर बोलले. कोण जाणे, साबण वेळेवर आले असते तरी सासूने थांबायचंच ठरवलं असतं. हे वाक्य मी आजवर स्वतःला इतक्यांदा म्हणून दाखवलं आहे की त्याचे शब्द झिजून गेले आहेत.

बांधणी केलेली एक प्रत मी मामांना नेऊन दिली. त्यांनी हात धुतले, अंगणात खाट टाकली आणि पहिल्या पानापासून बोट ठेवत वाचायला लागले. सगळं कळत नव्हतं, पण ते पानं सोडत नव्हते. ऊन कलायला लागलं. मी निघायचं म्हणत होते आणि उठवत नव्हतं, कारण ते कुठे जाऊन पोचणार ते मला माहीत होतं. एका पानावर बोट थांबलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, चौथीतल्या मुलासारखं, एकेक शब्द सुटा करून : "दुसऱ्या पाड्यावरील माहिती दुभाष्याच्या हस्तक्षेपामुळे वगळली आहे."

वर बघून त्यांनी विचारलं, "बाई, हस्तक्षेप म्हणजे काय?"

"मध्ये हात घालणं," मी म्हणाले.

मामांनी ते पुटपुटून बघितलं. मग म्हणाले, "होय. घातला होता," आणि पान उलटून पुढे वाचू लागले.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. दोन दिवसांचा ताप झाला, झोपेतच गेले, असं दिलवरने फोनवर सांगितलं. शेवटच्या वर्षात लोक पुन्हा त्यांना गाडीसाठी बोलवायला लागले होते, तेही तोच म्हणाला. पण मामा मग सगळ्यांना "बोलावली आहे" एवढंच सांगत; दुसरा शब्द त्यांनी परत वापरला नाही.

मी आता एका महाविद्यालयात तोच विषय शिकवते. परीक्षेचा पेपर काढायला बसले, एखादा प्रश्न लिहिला, की शेजारी जमिनीवर कोणीतरी उकिडवं बसून तो पुटपुटत असल्यासारखं वाटतं. मी थांबते. पुष्कळदा प्रश्न खोडून टाकते. विद्यार्थी पाहणीला जायचं म्हणतात तेव्हा मी त्यांना इतक्या अटी घालते की ते कंटाळून दुसरा विषय घेतात. मला भित्री म्हणतात, ते माझ्या कानावर आलं आहे.

मामा गेल्यावर त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले तेव्हा तशीच पुढे दुसऱ्या पाड्यावर चढले. एकटीच. दितली ओट्यावर मिरच्या निवडत होती. कडेला दीड-दोन वर्षांची मुलगी खेळत होती, तिची. तिने मला लगेच ओळखलं. बसायला घोंगडी टाकली. मी तिच्यापेक्षा खाली, अंगणात बसले. आमच्यामध्ये आता बोलायला कोणी नव्हतं. ती मिरच्या निवडत राहिली. मी मुलीकडे बघत राहिले. काय सांगायला आले होते ते मला मराठीतही सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळाने तिने मोडक्यातोडक्या मराठीत, अगदी पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "मंग, तुझं काम झालं का तव्हा?"

"झालं," मी म्हणाले.

तिने समाधानाने मान हलवली, आणि मूठभर मिरच्या माझ्या ओंजळीत घातल्या.