उरलेला शब्द

पक्षाघातानंतर शेजारच्या शांतवनकाकांकडे एकच शब्द उरला आहे, हालेलूया, म्हणजे 'देवाची स्तुती करा'. पाणी हवं असलं तरी तोच, दिवा मालवायचा असला तरी तोच. रविवारच्या उपासनेत स्तोत्रं वाचणाऱ्या माणसाचे बाकी सगळे शब्द पुसले गेले.

आज सकाळी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा काकू त्यांच्या पाठीवरची जखम पुसत होत्या. कापूस लागताच काका किंचाळले, "हालेलूया!" मला ऐकवेना.

"हे दुखतंय म्हणून," काकू हात न थांबवता म्हणाल्या. "तहानेचं वेगळं असतं."

जखम बांधून त्यांनी बायबलातली स्तोत्रं उघडली. पूर्वी दोघं आळीपाळीनं एकेक वचन वाचायची. आता काकू एक वाचतात आणि काकांसाठी थांबतात. आजचं स्तोत्र म्हणजे नुसतं गाऱ्हाणं होतं, देवानंही पाठ फिरवलेल्या माणसाचं. या पुस्तकात अशी गाऱ्हाणी कितीतरी आहेत, तरी आपण त्याला स्तुतीचंच पुस्तक म्हणतो. का, ते मला कधीच उमगलं नव्हतं.

काकू थांबल्या. काकांचा वाकडा ओठ हलला. "हालेलूया."

मला तो आवाज मघासारखाच वाटला. "काकू, हे कशाचं?"

त्यांनी पुढच्या वचनावर बोट ठेवलं.

"हे हालेलूयाच आहे गं."