घागरभर पाणी आणि लाल बटण

"हितं ये. माझ्या जागेवर उभी ऱ्हा."

असं म्हणून अक्का कोपराला धरून ओढायची. हळू वगैरे नाही, चांगलं खसकन. मग तुम्ही तिच्या जागी आणि ती बाजूला. तिथून पातेल्याच्या तळाशी ठेवलेलं लाल बटण दिसायचं नाही, काठाआड गेलेलं असायचं. ती पाणी ओतू लागली की ते हळूहळू वर येऊन डोळ्यांसमोर हजर. पाण्यातून बाहेर पडताना प्रकाश वाकतो, हे मी पाठ केलं होतं. पाहिलं ते अक्कामुळे.

नाण्याऐवजी बटण का, असं मी तिला विचारलं होतं. "नाणं ठिवलं की पोरं नाण्याकडंच बघत्यात," ती म्हणाली.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, नळ मात्र जुन्या सवयीप्रमाणे कोरडे. त्या दुष्काळात आमच्या कॉलेजातलं प्रकाश मंडळ दर रविवारी एसटीने खेड्यातल्या शाळांत जायचं. सामान म्हणजे भिंगं, आरशाच्या पट्ट्या, बॅटरी आणि माशांची एक काचेची टाकी, जिने मासा कधी पाहिला नव्हता. अक्का तिसऱ्या वर्षाला, मंडळाची प्रमुख. बिलोलीकडच्या बौद्ध शेतमजुराची मुलगी. मी देवणीकडची, घरी शेती, पहिल्या वर्षाला आणि डोक्यात हवा.

अक्काचा एक नियम होता. गावातून पाणी मागून घ्यायचं, पण प्रयोग झाला की ज्या घागरीतलं त्याच घागरीत परत. टाकी ती स्वतः सगळ्यांदेखत घासायची. पाण्यात बोट बुडवलं की पाठीत धपाटा. "लईच सोवळं बाई तुझं," असं मी तिला चिडवायचे. ती नुसती हसायची. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

एका गावात एका मावशीने पिण्याच्या पाण्याची आख्खी घागर आमच्या टाकीत ओतली. तिच्या घरात तेवढंच पाणी होतं. गावच्या विहिरीला जेमतेम पाझर. एक घागर म्हणजे दोन तासांची रांग. मावशी रिकामी घागर कडेवर घेऊन वर्गाच्या दारात थांबली. आम्ही बॅटरीचा झोत टाकीतून सोडला, पण पाण्यात तो कुणाला दिसेना. अक्का खिडकीला पोतं लावायला गेली. तेवढ्यात मला पुस्तकातली युक्ती आठवली. गुरुजींच्या चहासाठी आणलेलं दूध मी टाकीत ओतलं, चांगलं पळीभर.

काय किरण दिसला! पांढराशुभ्र, आखल्यासारखा सरळ. पोरं ओरडली, गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. अक्का मात्र दाराकडे बघत होती. मग मलाही मावशी दिसली.

"ऱ्हाऊ द्या, ढोरास्नी पाजते," मावशी म्हणाली. पण तिचं तोंड उतरलं होतं. ते पाणी सकाळपर्यंत नासणार, हे तिलाही कळत होतं.

अक्काने तिच्या कडेवरची घागर घेतली आणि मला म्हणाली, "चल."

विहिरीवरच्या रांगेत उन्हं कलली. आमची पाळी आली, अक्काने दोराला हात घातला, तेवढ्यात एका बाईने विचारलं, "कुणाची गं तू?"

"बौद्धाची हाय. बिलोलीकडची."

"मग दोराला हात लावू नगंस. बाजूला ऱ्हा."

अक्काने माझ्या हातात दोर दिला, कोपराला धरलं आणि वर्गात म्हणायची त्याच आवाजात म्हणाली, "हितं ये. माझ्या जागेवर उभी ऱ्हा."

तिथून मला ती दिसली. हात मागे बांधून, एकटी, चार पावलं लांब. आमच्या घरी एक पेला निराळा ठेवलेला असायचा. तो कुणासाठी, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं; पण दिसला तो त्या दिवशी. मी त्या बाईला काहीच बोलले नाही. खाली मान घालून पाणी शेंदलं. ते गप्प राहणं मला अजून टोचतं.

वाटेत घागर अक्काने डोक्यावर घेतली. "तू सांडशील," म्हणाली. मावशीच्या दारात मात्र ती उतरवेना. "मावशी, आणली मी हाय. मी बौद्धाची. चालत नसंल तर आत्ताच सांगा, ही पुन्हा भरून आणंल."

मावशीने पुढे होऊन घागर उतरवून घेतली. "उन्हातानाची दोन तास उभी ऱ्हायलीस आन् वर मलाच इचारायलीस? बस आधी. पाणी पी." घरातल्याच पेल्यात तिने पाणी दिलं. अक्का दोन घोटच प्यायली. "बास, लई मेहनतीचं पाणी हाय."

परतताना एसटीत मी रडायला लागले. "अक्का, चुकलं माझं."

"किरण लई झ्याक दिसला की," ती म्हणाली. "पुढच्या बारी कपभर पाण्यात दूध टाक."

मी दुधाबद्दल बोलत नव्हते. ते तिलाही कळलं असणार.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आपल्याला ओरडत नाहीत आणि आपण मात्र बदलून जातो. अक्का पुढे उमरीकडे शिक्षिका झाली, मीही झाले. कॉलेज सोडताना तिने ते बटण मला दिलं. मी तिचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते आहे.

ती गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. तास प्रकाशाचाच होता. मी पातेल्यात बटण ठेवलं, पाणी ओतलं. "दिसलं, दिसलं!" पोरी ओरडल्या. मला काहीच दिसत नव्हतं, डोळे भरले होते. पहिल्या बाकावरची एक पोर उठली. माझी उभं राहायची जागा चुकली असं तिला वाटलं असावं. तिने माझं कोपर धरलं.

"तिथनं न्हाई दिसायचं, मॅडम," ती म्हणाली. "हितं या. माझ्या जागेवर उभ्या ऱ्हा."